गाडी इज्जतीसाठी घ्यायची की प्रवासासाठी?



मागच्या महिन्यात आम्ही चारचाकी घेतली. सेडान घेतली आणि जुनी घेतली. पेढे वाटायच्या आधीच दोन प्रतिक्रिया आल्या. वस्तीतला एक भाऊ म्हणाला, "ताई, कायले जुनी घेतली? घ्याचीच होती तं नवी घ्याची. लोकाईनं पाह्यलं असतं." दुसरे एक जुने कार्यकर्ते, ज्यांना मी काका म्हणते, ते म्हणाले, "चळवळीतल्या माणसाले गाडी कायले पाह्यजे? एसटी बंद झाली का?"

वरवर पाहता ही दोन टोकं वाटतात. पण दोघंही गाडीकडे एकाच नजरेनं पाहत होते. दोघांनाही गाडी म्हणजे लोकांना दाखवायची वस्तू वाटत होती. एकाला ती दाखवायला हवी होती, दुसऱ्याला लाज वाटत होती. ही गाडी कोणाला, कुठून, कुठे आणि किती सुखरूप नेणार, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. आपल्या समाजातली जी पहिली पिढी आज गाडीच्या शोरूममध्ये पाऊल ठेवते आहे, तिच्या कामी यावा म्हणून आमचा सगळा हिशेब उघड मांडते.

पण आधी बाबासाहेबांच्या दोन प्रवासांची आठवण. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी ते लिहून ठेवले आहेत. पहिला १९०१ चा. लहानगा भीम भावंडांसोबत वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन गाडी मिळाली, पण ती हाकायची पोरांनी. गाडीवान बाजूनं पायी चालणार. हा प्रसंग आपण भाषणांत नेहमी सांगतो. पैसा मोजला म्हणून माणुसकी विकत मिळत नाही, हा त्याचा धडा.

दुसरा प्रसंग आपण कमी सांगतो. १९२९ साल. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, सरकारच्या चौकशी समितीचे सदस्य होते. चाळीसगावला उतरले. महारवाड्यातल्या लोकांनी त्यांना न्यायला टांगा आणायचं ठरवलं. टांगेवाला अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार नव्हता, पण टांगा भाड्यानं द्यायला तयार होता. आपल्या पाहुण्यानं पायी चालणं लोकांना कमीपणाचं वाटलं. म्हणून त्यांनी टांगा घेतला आणि ज्याला हाकता येत नव्हता अशा आपल्याच माणसाला पुढे बसवलं. नदीच्या पुलावर चाक अडकलं, घोडा बिथरला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले. पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेले.

त्यावर बाबासाहेबांनी काय लिहिलं? टांगेवाल्याच्या जातीयतेवर तर लिहिलंच. पण आपल्या माणसांबद्दलही एक गोष्ट स्पष्ट नोंदवली: पाहुण्याचा मान राखण्याच्या भरात त्याची सुरक्षितता जास्त महत्त्वाची आहे, हे ते विसरले. एमएला असताना मी हा उतारा जातिव्यवस्थेचा पुरावा म्हणून वाचला होता. गाडी शोधायला लागले तेव्हा तो आपल्यासाठी दिलेला सल्ला म्हणून वाचला.

आता आमची गरज. आम्ही राहतो अमरावतीला, आईबाबा अकोल्याला. दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायू झाला, तेव्हापासून त्यांचा एक पाय नीट उचलत नाही. एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. काकांना माझं उत्तर इथे आहे. मी गावभेटींना आजही एसटीनं जाते. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, तो आपला हक्क आहे आणि तो वापरलाच पाहिजे. एसटी टिकली पाहिजे यासाठी भांडायलाही मी तयार आहे. पण बाबांना महिन्यातून दोनदा दवाखान्यासाठी अमरावतीला आणायचं तर दर वेळी भाड्याची गाडी करावी लागत होती. रात्रीबेरात्री फोन केला की भाडं दुप्पट. तेव्हा मसूरचं स्टेशन आठवायचं.

मग सेडानच का? मोठी उंच गाडी का नाही? मोठी गाडी आपल्याकडे गावात काय सांगते, हे मला चांगलं माहीत आहे. काळ्या काचेची पांढरी गाडी गावात शिरली की लोक बाजूला होतात. ते बाजूला होणं आदरापोटी नसतं, भीतीपोटी असतं. ती भीती आपल्याला वारशात घ्यायची नाही. पण खरं कारण साधं आहे. त्याच पैशात उंच गाडी घेतली तर डिक्की लहान मिळत होती. आमच्याकडे बाबांची चाकांची खुर्ची, मुलीचं दप्तर आणि शिबिराच्या सामानाच्या दोन पेट्या असतात. मध्यम सेडानची डिक्की पाचशे लिटरच्या पुढे असते. होंडा सिटीची ५०६, स्लाव्हिया आणि व्हर्टसची ५२१, व्हर्नाची ५२८. चार मीटरच्या आतल्या डिझायरची ३८२.

सेडानचं वाईटही सांगते. सीट खाली असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसताना त्रास, उठताना जास्त त्रास. म्हणून प्रत्येक गाडीत आम्ही बाबांना तीनदा बसवलं आणि तीनदा उठवलं. सेल्समनला हे विचित्र वाटत होतं. पण तुमच्या घरात म्हातारं माणूस असेल तर हीच पहिली परीक्षा घ्या, इंजिनाची नंतर. दुसरी अडचण पोट घासण्याची. अमरावती-अकोला महामार्ग आता चांगला आहे. जून २०२२ मध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून विश्वविक्रम झाला, तोच हा रस्ता. पण महामार्ग सोडून दर्यापूरकडे खारपाणपट्ट्यात वळा. काळ्या मातीत रस्ता टिकत नाही, मधे उंचवटा आणि बाजूला चाकोऱ्या. तिथे जमिनीपासूनची उंची बघावी लागते. सिटीची १६५ मिलिमीटर, सियाझची १७०, स्लाव्हिया-व्हर्टसची १७९. कागदावर एक-दीड सेंटिमीटरचा फरक, पण पाच माणसं बसल्यावर तोच फरक आवाजात कळतो.

आता पैशाचा प्रश्न, कारण आपली पोरं इथेच फसतात.

आधी आम्ही नवीन गाडी पाहिली. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के, त्यापेक्षा मोठीला ४० टक्के. मध्यम सेडान साडेचार मीटरच्या आसपास असते. त्यामुळे इंजिन एक लिटरचं असलं तरी ती ४० टक्क्यांत जाते. वर राज्याचा रोड टॅक्स. पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ टक्के. म्हणजे शोरूमची बारा लाखांची गाडी नोंदणी आणि विमा धरून चौदाच्या घरात जाते. सेल्समन मात्र हप्त्याचीच भाषा बोलतो. दहा लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज. पाच वर्षं घेतली तर हप्ता २०,७५८ रुपये. "जास्त वाटतो? सात वर्षं करा मॅडम, हप्ता १६,०८९." चार हजारांनी हप्ता कमी झाला याचा आनंद होतो. पण पाच वर्षांत व्याज जातं सुमारे २ लाख ४५ हजार आणि सात वर्षांत ३ लाख ५१ हजार. हलका वाटलेला तो हप्ता एक लाखाहून जास्त महाग पडतो.

आणि गाडीची किंमत तर वाट पाहत नाही. विमा कंपन्या गाडीची किंमत ज्या तक्त्यानं धरतात तो पाहा. सहा महिन्यांनंतर वर्षापर्यंत १५ टक्के घट, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्या वर्षात ३०, चौथ्या वर्षात ४०, पाचव्या वर्षात ५०. बारा लाखांची गाडी चौथ्या वर्षात कागदावर ७ लाख २० हजारांची उरते. बाजारभाव थोडा वर-खाली होतो, दिशा तीच राहते. सात वर्षांचं कर्ज काढणारा माणूस अशा गाडीचे हप्ते भरत राहतो, जिची निम्मी किंमत केव्हाच उडून गेली आहे.

मी काम करते त्या भागात एका तरुणानं लग्नाच्या वेळी कर्जावर गाडी घेतली. "सासरी मान राहिला पाह्यजे" म्हणून. नोकरी कंत्राटी होती. कंत्राट संपलं, चार हप्ते थकले आणि फायनान्सवाले भरदुपारी गाडी घेऊन गेले. ज्या गल्लीत वाजतगाजत आणली त्याच गल्लीतून. त्या दिवशी त्याच्या आईनं दार लावून घेतलं होतं. मानासाठी घेतलेल्या वस्तूनं मान घेऊन जावा, यासारखं दुःख नाही.

आपण बौद्ध आहोत, तर या बाबतीत आपल्याकडे नुसता उपदेश नाही, हिशेबाची पद्धत आहे. सिगालोवाद सुत्तात गृहस्थानं उत्पन्नाचे चार भाग करावेत असं सांगितलं आहे. एक भाग उपभोगाला, दोन कामधंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी राखून. आणि अनाथपिंडिकाला बुद्धांनी गृहस्थाची जी चार सुखं सांगितली, त्यात संपत्ती असणं, ती भोगणं यांच्याबरोबर ऋण नसण्याचं सुख वेगळं मोजलं आहे. अनणसुख. म्हणजे उपभोग पाप नाही. चारचाकीत बसणारा बौद्ध धम्मातून बाहेर जात नाही. पण ते सुख कर्जाच्या सुखापासून वेगळं ओळखता आलं पाहिजे.

हा नियम आम्ही आमच्या घराला लावला. दोघांचं मिळून महिन्याला ७२ हजार येतात. चौथा भाग १८ हजार. आम्ही ठरवलं की गाडीचा सगळा खर्च यात बसला तरच गाडी. महिन्याला सातशे किलोमीटर, लिटरला पंधराचा एव्हरेज, पेट्रोल १०५ रुपये धरलं तर इंधन ४,९०० रुपये. नव्या गाडीचा सात वर्षांचा हप्ता, इंधन, विमा आणि सर्व्हिसिंग धरून २४ हजार होत होते. बसत नव्हतं. आणि धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा भाग काढा, असं बाबासाहेबांनी नागपूरला सांगितलं होतं. तो विसावा भाग मोडून गाडीचा हप्ता भरायचा नाही, हेही ठरलं.

डिझायर घ्यायची का, याचा विचार झाला. तिच्यावर कर कमी, आणि नव्या डिझायरला नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळाले. चार माणसांच्या घराला मी आजही आधी तीच सुचवेन. आमच्याकडे मागे तिघं बसतात आणि खुर्ची डिक्कीत जाते, म्हणून आमचं तिच्यात भागलं नाही.

मग जुनी गाडी पाहायचं ठरलं आणि अकोल्याच्या गाडी बाजारात फिरणं सुरू झालं. पहिलीच गाडी मनात भरली. कंपनीचं नाव लिहीत नाही, दोष तिचा नव्हता. चकाचक पॉलिश, मीटर ४८ हजार, किंमत साडेपाच लाख. मी बयाणा द्यायला निघाले होते. ओळखीचे एक मिस्त्री सोबत होते. त्यांनी बोनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं आणि मला बोलावलं. "ताई, हे बोल्ट पाहा. कंपनीचा बोल्ट असा खरडलेला नसते. आणि हे वेल्डिंग हातचं हाये. गाडी मोठ्यानं ठोकलेली हाये." मग पेडल दाखवलं. रबर झिजून गुळगुळीत. "मीटर म्हणते ४८ हजार, पेडल म्हणते लाख."

त्या दिवशी मला सुरक्षिततेचा खरा अर्थ कळला. पाच स्टार नव्या, धड गाडीला मिळतात. समोरून ठोकून परत जोडलेल्या गाडीच्या पत्र्यात ती ताकद राहिली की नाही, हे कोणताच स्टार सांगत नाही. म्हणून जुनी गाडी पाहताना रंग आणि टेप बघू नका. बोनेट, दरवाजे आणि डिक्कीच्या कडांचे बोल्ट पाहा, सगळे पत्रे एकाच छटेचे आहेत का ते उन्हात पाहा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. टोकाला चिखलाचा डाग असेल, सीटखालच्या पट्ट्या गंजल्या असतील तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आणि ट्रायल शक्यतो मे महिन्यात भरदुपारी घ्या. अकोल्याच्या उन्हात अर्धा तास एसी चालू ठेवून गर्दीतून गाडी चालवली की रेडिएटर, एसी आणि क्लच काहीच लपवू शकत नाहीत.

डिझेलचा मोह आम्हालाही झाला. नव्या मध्यम सेडानमध्ये डिझेल आता राहिलं नाही, जुन्या बाजारात भरपूर आहे आणि एव्हरेज चांगला. पण महिन्याला सातशे किलोमीटरला डिझेलचा वरचा दुरुस्ती खर्च परवडत नाही. पेट्रोल घेताना एक लक्षात ठेवा: आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्यासाठी बनलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासूनच्या. त्याआधीची घेत असाल तर रबरी नळ्या तपासून घ्या आणि एव्हरेज थोडा कमीच धरा.

शेवटी आम्ही घेतली ती २०२२ ची स्लाव्हिया, एक लिटर पेट्रोल, हातानं गिअर टाकायची. एकच मालक, सर्व्हिसिंगच्या सगळ्या नोंदी हजर. या गाडीला आणि व्हर्टसला एप्रिल २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळाले, तेही दोनच एअरबॅगवाल्या साध्या मॉडेलची चाचणी घेऊन. हीच गोष्ट आमच्यासाठी निर्णायक ठरली. किंमत ८ लाख. साठवलेले पाच, कर्ज तीन लाख. जुन्या गाडीला व्याज जास्त लागतं, १२ टक्क्यांनी तीन वर्षांचा हप्ता ९,९६४ रुपये. इंधन ४,९००, विमा-सर्व्हिसिंग अडीच हजार. बेरीज १७,३६४. अठराच्या आत. तोटेही आहेत. सुटे भाग मारुतीपेक्षा महाग आहेत, आणि मागच्या मधल्या सीटवर बसणाऱ्याचे पाय अवघडतात.

कागदांबाबत ढिलाई करू नका. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीवर बोजा आहे का, ई-चलन थकलं आहे का, मालक कितवा, हे पैसे देण्याआधी पाहा. विक्रीसाठी नमुना २९ आणि ३० लागतो, बोजा उतरवायला ३५. आमची गाडी एमएच ३० पासिंगची, अकोल्याची, आणि आम्ही अमरावतीचे, एमएच २७. म्हणून अकोल्याच्या आरटीओची एनओसी, नमुना २८. विमा चौदा दिवसांत नावावर करायला अर्ज द्यायचा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही. "कागद नंतर पाहू" म्हणणारा कितीही जयभीमवाला असला तरी पैसे कागदानंतरच द्या.

राहिला चाळीसगावचा मुख्य धडा: हाकणार कोण? गाडी बाजारात सगळे माझ्या नवऱ्याशीच बोलायचे. किंमत मी विचारायची, उत्तर त्यांना मिळायचं. पण त्यांना गाडी येत नाही. मी पस्तिसाव्या वर्षी क्लास लावून शिकले, परवाना काढला आणि दोन महिने मिस्त्रींच्या जुन्या गाडीवर हात बसवला. गाडी त्यानंतर घेतली. माझी पोरांना आणि विशेषतः पोरींना विनंती आहे, आधी शिका, मग घ्या. आणि मागच्या सीटवरही बेल्ट लावा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले ते महागड्या गाडीत, मागच्या सीटवर, बेल्ट न लावता.

गाडी घरी आणली तेव्हा मागच्या काचेवर आधीच्या मालकानं लावलेल्या त्याच्या जातीच्या नावाच्या खुणा होत्या. स्टिकर काढलेलं होतं, पण उन्हात अक्षरं उमटत होती. मुलीनं रॉकेलच्या फडक्यानं ती घासली आणि विचारलं, "आता आपलं 'जय भीम' लावायचं?" आई घाबरली. "रस्त्यात कोणी अडवलं तं?" तिची भीती खोटी नाही. २०१५ साली शिर्डीत मोबाइलच्या रिंगटोनवरून आपल्या एका तरुणाचा जीव घेतला गेला. मीच या लेखात मानापेक्षा सुरक्षितता मोठी असं लिहिलं आहे. मग मी काय करायचं?

दोन दिवस विचार केला. चाळीसगावात बाबासाहेबांनी लोकांना पायी चाला असं सांगितलं असतं, पण स्वतःचं नाव लपवा असं कधीच सांगितलं नसतं. टांगा हा मानाचा देखावा होता, तो सोडता आला असता. 'जय भीम' हा देखावा नाही, ती माझी ओळख आहे. रस्त्यावर कोणी ओळखीवरून अंगावर येत असेल तर त्याचा बंदोबस्त कायद्यानं आणि संघटनेनं करायचा. काच कोरी ठेवून तो होत नाही.

बाबांनी खुर्चीत बसून वरून सांगितलं आणि मुलीनं स्टिकर सरळ लावलं. मग त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, बेल्ट लावला, आणि आम्ही बडनेऱ्याच्या दिशेनं निघालो.

जय भीम.